सोमाचा हात

१

अण्णाच्या डोक्यात लोखंडी कणा मी घातला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही तेच शोधत बसाल.

अण्णा म्हणजे जगदेवप्पा, माझा सख्खा थोरला भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळं बाप म्हणा, गुरू म्हणा, फौजदार म्हणा, सगळं तोच. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो, मनात कधीच नाही. मादन हिप्परग्याच्या शिवारात आमची अकरा एकर जमीन आणि एक विहीर. पोलिस ॲक्शनला तिसरं वर्ष लागलं होतं. चैत्रातली सकाळ होती आणि मोटेच्या चाकाचा कणा, म्हणजे आस, काढून मी त्याला एरंडेल लावत बसलो होतो. डाव्या हातानं.

मी जन्माचा डावरा. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. डाव्या हातानं नुसतं स्थिर राहायचं. नऊ वर्षांचा असताना माझी दीक्षा झाली आणि दुसऱ्याच दिवशी मी लिंग उजव्या तळहातावर घेऊन डाव्यानं विभूती लावायला गेलो. अण्णानं दोनदा सांगितलं. तिसऱ्या दिवशी उलथणं चुलीत लाल केलं आणि माझ्या डाव्या तळहातावर टेकवलं. "आता डावा कुठला ते इसरायचा न्हाईस," म्हणाला. अंगठ्याच्या बुडाशी कोयत्याच्या आकाराचा डाग राहिला. पूजेपुरता मी सुधारलो. बाकी सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

त्या सकाळी अण्णा विहिरीवर आला. पटका काढून दगडावर ठेवला, पाणी प्याला आणि माझ्या हाताकडं बघून हसला. "अजून डावराच व्हय रे? म्हूनच तुला कुणी पोरगी देईना. कुठल्या हातानं बायकूचा हात धरशील, ह्येच कळंना लोकाला."

इतकंच. रागानं डोळ्यांपुढं अंधारी आली, असलं काही मी सांगणार नाही. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. तो माझ्यासमोर उभा होता, हसत होता, ओल्या मिशीतून पाणी गळत होतं. मी उठलो आणि त्याच्या उजव्या कानाच्या वर कणा घातला. गावाला सांगितलं, चाक निसटलं. गावानं मान डोलावली. चाकं निसटतातच.

२

आळंदच्या मोटारीनं त्याला सोलापूरला नेलं. महिनाभर तो दवाखान्यात होता. मरेल असं सगळ्यांना वाटलं आणि मलाही तशी आशा होती.

तो वाचला. डॉक्टरनं मला आणि वैनीला, म्हणजे महादेवीला, बाहेर बसवून समजावलं. मेंदूचा उजवा भाग चेंगरलाय. डावं अंग लुळं पडलंय, हे तर दिसतंच. पण नुसतं लुळं नाही. डावी बाजू म्हणून जगात काही असतं, हेच त्याच्या मेंदूतून गेलंय. डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं त्याला दिसणार नाही, कारण तो तिकडं बघायचंच विसरलाय. मग आम्हाला आत नेऊन त्यानं अण्णाच्या हातात पेन्सिल दिली आणि बैल काढायला सांगितला. जन्मभर बैल पाळलेल्या माणसानं एक शिंग, एक डोळा आणि दोन पाय काढले, आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "झाला."

घरी आणल्यावर गावाला तमाशाच झाला. अण्णा ताटातली भाकरी मधोमध मोडल्यासारखी उजवीकडची तेवढी खायचा आणि ताट रिकामं झालं म्हणून आणखी मागायचा. वैनी ताट अर्धं फिरवायची, मग उरलेली खायचा. दाढी अर्ध्याच तोंडाची करायचा. शेजारचा हावगेप्पा बाजारच्या दिवशी पाव्हण्यांना घेऊन यायचा खास बघायला. 'अर्धे अण्णा' हे नाव त्यानंच पाडलं आणि आठ दिवसांत आळंदपर्यंत पोचलं. ज्याच्या खाकऱ्यानं चावडी गप्प व्हायची, त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून लोक दात काढायचे, कारण तिकडचं त्याला दिसत नव्हतं. मीही उभा राहिलोय.

आणि तो हात. डावा हात मांडीवर पडलेला असायचा, आणि कधी उजव्या हाताला चुकून लागला की अण्णा दचकायचा.

"ह्यो कुणाचा हात हाय इथं?"

"तुमचाच की ओ," वैनी म्हणायची.

"माझा न्हाई. सोमाचा हाय. त्याचा त्याला देऊन टाक."

सोमा म्हणजे मी. हावगेप्पा पोट धरून हसायचा. असले रोगी तसंच बोलतात, आपला हात दुसऱ्याचा म्हणतात, हे डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं. तरी गावात दीडशे उंबरे असताना हात माझाच कसा, हा प्रश्न मला पडला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

३

मला भीती एकाच गोष्टीची होती. अण्णाला ती सकाळ आठवत नव्हती. विहिरीकडं निघालो इथवर आठवायचं, पुढं कोरं. मी तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारून खात्री केली. डॉक्टर मात्र म्हणाला होता, आठवण थोडी थोडी परत येईलही. ती आली की मी संपलो. जमीन गेली, घर गेलं, गाव गेलं, आणि आळंदच्या फौजदाराची गाडी दारात.

म्हणून मी त्याला सोडून हलत नव्हतो. गाव म्हणायचं, भाऊ असावा तर असा.

पूजेची रोजची मारामारी होती. वैनी त्याच्या गळ्यातली चांदीची करडगी उघडून लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवायला जायची आणि तो ओरडायचा, "दुसऱ्याच्या हातावर कामून ठिवायलीस? बाटवायलीस काय?" तास तास रडायचा. पूजा नाही म्हणून तो जेवायचा नाही, तो जेवला नाही म्हणून वैनी जेवायची नाही, आणि माझी भाकरी टोपल्यात वाळत पडायची.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी वैतागलो. लिंग उचललं, माझ्या स्वतःच्या डाव्या तळहातावर ठेवलं, आणि तो तळहात त्याच्या छातीशी नेऊन धरला.

अण्णा एकदम शांत झाला. त्यानं माझ्या बोटांना हात लावून बघितला, एकेक बोट चाचपलं.

"हं. ह्यो माझा," म्हणाला. "कुठं होता इतके दिस?"

आणि त्यानं पाणी घातलं, विभूती लावली, बेल वाहिला, आणि लिंगाकडं टक लावून बसला. अर्ध्या तासात पूजा उरकली. त्या दिवशी मी गरम भाकरी खाल्ली.

गावच्या मठातले रेवणसिद्ध स्वामी भिक्षेला आले तेव्हा वैनीनं त्यांना हे सांगितलं. ते ओट्यावर टेकले सुद्धा नाहीत. "एकाचं लिंग दुसऱ्याच्या तळहातावर घ्यायचं नसतंय, सोमशेखर," म्हणाले. "लिंग ज्याचं, त्याच्याखालचा हात त्याचा होतोय. मग परत मागू नगंस."

मी म्हटलं, आप्पा, तुम्ही येऊन करा पूजा रोज. ते पीठ घेऊन गेले.

४

चौथ्या का पाचव्या दिवशी पूजा संपता संपता अण्णा म्हणाला, "एरंडेल."

"काय?"

"एरंडेलाचा वास यायलाय." तो माझ्या तळहाताकडंच बघत होता. लिंगाकडं नाही, लिंगाच्या बाजूला, डागाजवळ.

मी हात हुंगला. विभूतीचा वास येत होता, आणखी कशाचाही नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "चाक खाली हाय. काढून ठिवलंय." तिसऱ्या दिवशी, "तांबडा बैल उभाच हाय." आवाज सहज. पोथी लावून बसलेला माणूस जसा एकेक ओळ वाचतो, तसा माझ्या तळहातावरून तो ती सकाळ वाचत होता. दिवसाला एक ओळ. पूजा संपून लिंग करडगीत गेलं की सगळं विसरायचा. मग दुपारी विचारलं तर म्हणायचा, "कसलं चाक?"

मी चार इयत्ता उर्दू शाळेत शिकलेला माणूस आहे, अगदीच अडाणी नाही. स्वतःला समजावलं की आठवण परत येतेय, डॉक्टर बोललाच होता. टक लावून बसल्यावर डोकं निवतं आणि त्या वेळीच आठवतं, यात काय नवल. पण त्या अर्ध्या तासात माझ्या डागाला चुलीजवळ धरल्यासारखी ऊब लागायची, हे मी डॉक्टरला कुठल्या तोंडानं सांगू?

एके दिवशी मी वैनीचा तळहात पुढं करायला लावला. अण्णानं चाचपला आणि ढकलून दिला. दुसऱ्या दिवशी मी काटा लागल्याचं सांगून तळहाताला अंगठ्यापाशी फडकं गुंडाळलं आणि त्यावर लिंग ठेवलं.

अण्णानं फडक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "फडकं काढ. पुढचं दिसंना."

सूप घेऊन जोंधळा पाखडत बसलेली वैनी थांबली. सुपाचा आवाज बंद झाला म्हणून मी वळून बघितलं, तर ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं पुन्हा पाखडायला घेतलं.

५

पूजा बंद करावी तर अण्णा उपाशी राहील आणि वैनी विचारील, इतके दिवस चाललं, आता कामून न्हाई? चालू ठेवावी तर रोज एक ओळ. आगीतून फुफाट्यात म्हणतात, तसं झालं. मी मोजत होतो. पटका दगडावर ठेवला, ही ओळ आली. पाणी प्यालो, ही आली. "मी हसायलोय," ही आली त्या दिवशी तो खरंच हसला, आणि ओठाच्या अर्ध्याच बाजूनं हसला.

आता त्याच्यापुढं एकच ओळ उरली होती.

ती सकाळ मला चांगली आठवते. पहिल्या मतदानाचा गलबला नुकताच संपला होता. हावगेप्पा त्याच्या करजगीच्या व्याह्याला घेऊन आला होता, अर्धे अण्णा दाखवायला. दोघं खांबाला टेकून बसले. वैनी पाखडत होती. मी हात पुढं केला, कारण नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

अण्णानं बेल वाहिला. डागाकडं बघितलं. त्याचा उजवा डोळा मोठा झाला.

"हात वर झाला," तो म्हणाला. "हातात कणा हाय. डावा हात. सोमाचा हात. सोमानं मारलं मला."

व्याह्यानं माझ्याकडं बघितलं.

आणि मग अण्णानं उजव्या हातानं आपल्या मांडीवरचा लुळा हात मनगटाला धरून उचलला, सगळ्यांना दाखवला, आणि म्हणाला, "ह्योच तो. ह्यो बघा सोमाचा हात. ह्यानं मारलं."

हावगेप्पा इतका हसला की त्याला ठसका लागला. "बघा पाव्हणं, म्हणलं न्हवतं? आपलाच हात, आन् भावाच्या नावावर!" व्याहीही हसला. मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. खरं बोलणाऱ्या माणसाला अर्धा करून ठेवलं की त्याचं खरंही अर्धंच उरतं, हे मला तेव्हा कळलं, आणि खोटं कशाला सांगू, आनंद झाला. मी सुटलो होतो. तो आता रोज सांगत बसला तरी मी सुटलो होतो.

वैनी हसली नाही. तिनं उठून अण्णाच्या ओठाची लाळ पुसली आणि लुळा हात हळूच मांडीवर ठेवला.

६

त्यानंतर तीन दिवसांनी मी खळ्यावर होतो. ऊन डोक्यावर आलं होतं. कणसांवरून बैल फिरत होते आणि मी उजव्या हातात कासरा धरून मधल्या खांबापाशी उभा होतो.

डाव्या हाताच्या करंगळीत कळ आली. कशाला आपटलं नव्हतं, काही चावलं नव्हतं. मी बघेपर्यंत दुसऱ्या बोटात कळ आली, मग मधल्या. सावकाश, एकापुढं एक, मध्ये दम खाऊन. मी कासरा सोडला. हाताला ओरखडासुद्धा नव्हता. बोटं जागेवर होती, हलत होती, आणि आत हाड फुटल्यासारखं होत होतं. अंगठ्याच्या वेळी मी ओरडलो असेन. मग मी घराकडं पळत सुटलो, डावा हात उजव्यात धरून, छातीशी घेऊन.

दारातून आवाज आला. वैनीच्या सुपाचा आवाज होता. आणि दुसरा एक, ओलसर, लोखंडी.

अण्णा फरशीवर बसला होता. लुळा हात समोर शहाबादी फरशीवर पसरलेला. उजव्या हातात खलातला लोखंडी बत्ता. तो मिरी कुटावी तसा मन लावून कुटत होता. तोंडावर दुःख नाही, राग नाही. त्या हाताला काही कळत नव्हतं, डॉक्टरनं सांगितलंच होतं. काय कुटत होता ते मी एकदा बघितलं आणि परत बघितलं नाही.

वैनी त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून जोंधळा पाखडत होती.

"वैनी! बघायलीस काय? काढून घे की त्यो बत्ता!"

तिनं सूप खाली ठेवलं. पदरानं कपाळ पुसलं.

"त्यांनी मागितला, मी दिला," ती म्हणाली. "म्हणले, सोमाचा हात हाय, त्याला जरा समजावतो. मी म्हणलं, समजावा."

"अगं पण—"

"भावजी," ती म्हणाली. तिची नजर माझ्या छातीशी होती, जिथं मी हात धरला होता. "खळं मैलभर हाय. तुमाला कुणी सांगितलं?"

हात खाली घेववला नाही. मी तसाच उभा राहिलो आणि ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मला कळलं की तिला एवढंच बघायचं होतं. त्यासाठी तिनं बत्ता दिला होता.

अण्णा थांबला. बत्ता पुसून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "झालं."

७

हात काळा पडला. आठव्या दिवशी तापात अण्णा गेला.

गावानं हळहळ केली. वेड्यानं आपलाच हात कुटून घेतला, म्हणाले. वैनी गावापुढं काही बोलली नाही. रोज भाकरी वाढत होती आणि माझ्या हाताकडं बघत होती. कळा थांबल्या होत्या. आता त्या हातात काहीच नव्हतं, ऊबही नाही, गारवाही नाही.

आमच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात बसवून पुरतात, पूजेला बसल्यासारखं, आणि इष्टलिंग गेलेल्या माणसाच्या डाव्या तळहातावर ठेवतात. अण्णाला खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवला. डावा हात मनगटापासून पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. रेवणसिद्ध स्वामी लिंग हातात घेऊन थांबले. कापडाच्या आत तळहात म्हणावा असं काही उरलं नव्हतं.

वरून वैनीचा आवाज आला. ती रडत नव्हती.

"आप्पा, त्यांचा हात तिथं न्हाई. चार महिने ज्या हातावर पूजा झाली, त्यो भावजीजवळ हाय."

लोकांनी माझ्याकडं बघितलं. दुःखानं बाई बरळते, असं हावगेप्पा पुटपुटला. स्वामींनी मात्र मान हलवली आणि मला खाली यायची खूण केली. मी उतरलो. खड्डा माणसाच्या उंचीचा, ओल्या मातीचा वास, आणि कोनाड्यात अण्णा, अर्ध्या तोंडाला दाढी वाढलेली. स्वामींनी लिंग माझ्या डाव्या तळहातावर ठेवलं. मी तो अण्णाच्या छातीशी धरला, रोज धरायचो तसाच. त्यांनी मंत्र म्हटले.

"आता सोड मांडीवर," ते म्हणाले.

मी हात उलटा करायला गेलो. बोटं मिटली.

मी मिटली नाहीत. मी उघडायचा प्रयत्न करत होतो. उजव्या हातानं मी एकेक बोट धरून उघडलं, करंगळीपासून, आणि प्रत्येक बोट सोडल्यावर परत मिटायला बघत होतं. शेवटी लिंग अण्णाच्या मांडीवर पडलं आणि तळहात माझ्यासमोर उघडा राहिला.

अंगठ्याच्या बुडाशी डाग नव्हता. सव्वीस वर्षं वागवलेला डाग. तिथं कातडं सपाट होतं, मोठ्या, राकट माणसाचं.

खड्ड्यात उजेड कमी होता, हे खरं. विभूती लागलेली होती, हेही खरं. कापडात गुंडाळलेल्या हातावर तो डाग आहे का, हे बघायला मी गाठ सोडायला हवी होती. माती पडायला लागली आणि मी वर चढलो.

८

याला आता वर्ष झालं. मला काही झालेलं नाही. आळंदचा डॉक्टर येऊन गेला, पक्षाघात म्हणाला, माझ्या पायाला टाचणी टोचली आणि कपाळाला आठ्या घालून गेला. मी हे उजव्या हातानं लिहितोय. अण्णाला बघून बरं वाटलं असतं. अक्षर चांगलं येतं. वैनी म्हणते, मी कागदाच्या अर्ध्यावरच लिहितो. असेल. तिला कुठं वाचता येतं.

मी अण्णा बसायचा त्या जागी, खांबाला टेकून बसतो. हावगेप्पा बाजारच्या दिवशी येतो. सोबत कोणी कोणी असतं. ते कुठं उभे राहतात कोण जाणे, मला दिसत नाहीत, नुसतं हसणं ऐकू येतं.

वैनी दोन वेळा वाढते. तिनं मला कधी उपाशी ठेवलं, असं गावात कुणी म्हणू शकणार नाही. एक अख्खी भाकरी, आमटी, ठेचा. फक्त हल्ली मला पुरत नाही. बरगड्या दिसायला लागल्या आहेत. काल मी ताट पुढं सारलं आणि म्हटलं, वैनी, अजून एक दे.

"अर्धी हाय की ताटात, भावजी," ती म्हणाली.

मी बघितलं. ताट रिकामं होतं.

"न्हाई ती. संपली."

"बरं," ती म्हणाली.

अण्णाचं ताट ती फिरवायची. मी वाट बघितली. तिनं ताट फिरवलं नाही, उचलून नेलं, आणि दारात कुत्र्याला काहीतरी टाकल्याचा आवाज आला.

आज सकाळी ती जवळ आली. हातात खलातला बत्ता होता, घासून लख्ख केलेला. माझ्यासमोर बसली, पण माझ्याशी बोलली नाही. माझ्या मांडीच्या पलीकडं कुठंतरी बघून बोलत होती, नवऱ्याशी बोलतात तशा आवाजात.

"मागितला की देते म्हणलं होतं. आणलाय. तुमच्या बाजूला ठिवते."

तिनं बत्ता नेला आणि तो मला दिसेनासा झाला. फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग ती तिच्या जागी जाऊन बसली, दोन हातांच्या अंतरावर, आणि सूप उचललं.

मी मान वळवून बघतो म्हटलं तर मान वळते. पण तिकडं काही नाही. अंधार नाही, भिंत नाही, काहीच नाही. जिथं मी संपतो तिथं सगळं संपतं.

मघापासून फरशीवर लोखंड घासल्यासारखा आवाज येतोय. थोडा सरकतो, थांबतो, परत सरकतो. दम खाऊन, सावकाश. आधी लांब होता. आता माझ्या डाव्या कानाच्या खाली आहे, आणि वर उचलला गेल्यासारखा थांबलाय.

वैनीला हाक मारली. सुपाचा आवाज बंद झाला. ती बघतेय.